अक्कांचा कापसाचा कोपरा

जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांमागून आमच्या लीलाअक्का पिशवी घेऊन चालायच्या. रस्त्यावर सांडलेला कापूस वेचत वेचतच त्या अमळनेरच्या आमच्या प्राथमिक शाळेत शिकवायला पोचायच्या. नवीन माणसाला वाटे, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

तो कापूस वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर जाई. दोन पोरं भांडली की अक्का त्यांना तिथे समोरासमोर बसवत आणि मध्ये कापूस ठेवत. बोटांनी सरकी काढायची, बोलायचं नाही. कुणी गाऱ्हाणं सुरू केलंच तर म्हणत, "बठ्ठी सरकी काढ, मंग बोल." सगळी सरकी संपेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच बहुतेकांना आठवत नसे. एकदा घंटेवरून हेडमास्तरांची आणि शिपायाची जुंपली, तेव्हा अक्कांनी त्यांच्यापुढेही कापूस ठेवला. हेडमास्तरांच्या मिशीला दिवसभर तंतू चिकटून होते.

मी नशिराबादचा, घरातला पहिला पदवीधर. शिक्षकाची नोकरी अजून कच्ची. माझा वर्ग अक्कांच्याच हॉलमध्ये भरे. त्यामुळे तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर माझी झोप उडाली. कोपरा आवरून तिथे कपाट लावा, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. अक्का बरं म्हणाल्या आणि काहीच केलं नाही.

साहेब आत आले आणि नेमकी त्याच वेळी दोन पोरं पाटीवरून एकमेकांच्या अंगावर धावली. अक्कांनी त्यांना गोणपाटावर बसवलं. साहेबांनी विचारलं, शाळेत मुलांकडून सरकी काढून घेता? हेडमास्तर कपाटाबद्दल काहीतरी पुटपुटले.

"हे सुचलं कसं तुम्हाला?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

अक्कांनी पोरांच्या मध्ये कापूस ठेवला.

"धुळ्याला माझी सख्खी बहीण आहे, साहेब. आई गेली तेव्हा भांडलो, ते आजपर्यंत बोललो नाही. आमले कोणी असं समोरासमोर बसाडं नई."

साहेब हेडमास्तरांना म्हणाले, कपाट व्हरांड्यात ठेवा.

मधल्या सुट्टीत पोरं पळाली. ती भांडणारी दोघंही, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. अक्का गोणपाटावर बसून उरलेला कापूस साफ करत होत्या. समोरची जागा रिकामी होती. मी जाऊन बसलो. आमचं तर भांडणही झालं नव्हतं. मान वर न करता त्यांनी अर्धा कापूस माझ्याकडे सरकवला.