बारा किल्ल्या, परत टाकून

"बारा किल्ल्या, त्यातली एकच बरोबर," भांडारपाल जेवणाच्या टेबलावर पुस्तक टेकवून वाचत होते. "माणूस एक काढतो, लावून बघतो, नाही लागली की परत पिशवीत टाकतो, पिशवी हलवतो आणि पुन्हा काढतो. तर सरासरी किती प्रयत्न अपेक्षित?"

"परत टाकतो?" बायकोनं विचारलं. "कशाला?"

"पुस्तकात तसंच आहे."

"मग त्याच्याकडून कसली अपेक्षा ठेवायची?"

भांडारपाल हसले नाहीत. विभागीय परीक्षेची ही त्यांची तिसरी वेळ, आणि शेवटची. पुढच्या महिन्यात वयाची मर्यादा उलटत होती. उत्तीर्ण झाले तर सांख्यिकी सहायक, तिसरा मजला, खिडकीशेजारचं टेबल. नापास झाले तर पाणीपुरवठा कार्यालयाचं तेच तळघर, जिथे त्यांनी एकोणीस वर्षं ट्यूबलाइटखाली काढली होती. बाहेर ऊन आहे की ढग, हे त्यांना वरून खाली येणाऱ्यांच्या कपड्यांवरून कळे. पगाराचं सोडा, त्यांना ती खिडकी हवी होती.

"आणि हे यादृच्छिक चल म्हणजे काय हो? कुठे चल?"

"चल म्हणजे बदलणारी संख्या. यादृच्छिक म्हणजे कशी येईल ते आपल्या हातात नाही अशी."

"यदृच्छा होय. माझी आई म्हणायची, यदृच्छेनं मिळालं ते गोड मानून घ्यावं. म्हणजे वरच्याची मर्जी. त्याच्या मर्जीचं तुम्ही गणित मांडताय, मग ते सुटेल कसं?"

भांडारपालांना हे पटण्यासारखं वाटलं, म्हणूनच त्यांनी विषय बदलला. पुस्तक म्हणत होतं, किल्ली परत टाकली तर सरासरी बारा प्रयत्न, बाजूला ठेवली तर साडेसहा. बारांचं ठीक होतं. पण अर्धी किल्ली कुलपात कशी घालायची, या विचारानं त्यांना तीन दिवस अन्न गोड लागत नव्हतं. शेवटी त्यांनी ठरवलं, प्रयोगच करायचा. भांडारात बारा पोलादी कपाटं होती, एकाच घडणीची बारा कुलपं होती. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी नियम मोडून घरी आणलाच होता. प्रत्येक किल्लीची नंबराची चकती काढली, कारण नंबर दिसला तर यादृच्छिकपणा कसला? आणि सगळ्या किल्ल्या टेबलावर ओतल्या.

सकाळी बायको शिवणवर्गाला निघाली. "अहो, घराची किल्ली द्या."

घराच्या दाराला त्याच घडणीचं एक कुलूप होतं. कार्यालयाच्या लिलावात निघालेलं, दाबलं की लागणारं. त्याची किल्ली टेबलावरच होती. भांडारपालांनी ढिगातली एक उचलून दिली. मग उरलेल्या मोजल्या. बरोबर बारा. आकडा जुळला म्हणून ते निश्चिंत झाले. आयुष्यात आकडा जुळण्याचा आनंद त्यांना फार क्वचित मिळत असे. चकत्या परीक्षेनंतर लावू म्हणून त्यांनी किल्ल्या कापडी पिशवीत टाकल्या, दाराचं कुलूप दाबलं आणि निघाले.

परीक्षा दुपारी दोनला, तिसऱ्या मजल्यावर. दीड वाजता साहेब स्वतः तळघरात उतरले. मागे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाई. त्याही परीक्षेला बसल्या होत्या.

"भांडारपाल, शिक्का मारलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिका द्या. सात नंबरच्या कपाटात ठेवायला दिल्या होत्या मी. पर्यवेक्षक मुख्य कार्यालयातून आलेत, अडीचपर्यंत पेपर सुरू झाला नाही तर परीक्षा रद्द करून परत जातील."

"आणि मग?"

"मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी. भांडारपालांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पिशवीत हात घातला, एक किल्ली काढली, सातच्या कुलपात फिरवली. नाही. त्यांनी ती परत पिशवीत टाकली, पिशवी नीट हलवली आणि दुसरी काढली.

पाचव्या वेळी बाईंना राहवलं नाही. "तुम्ही ती परत का टाकताय?"

भांडारपाल थबकले. "सवय लागली. रात्रभर तेच गणित केलं."

"कुठली लावून झाली ते आठवतं तरी का?"

"सगळ्या सारख्याच दिसतात हो."

"म्हणजे स्मृतिहीन प्रक्रिया," बाई सुस्कारा टाकत म्हणाल्या. "आत्तापर्यंतचे पाचही प्रयत्न फुकट. अजूनही अपेक्षित बाराच."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "कुलूप फोडा. हातोडा कुठाय?"

"नऊ नंबरमध्ये."

"आणि नऊची किल्ली?"

भांडारपालांनी पिशवी किंचित वर उचलून दाखवली.

एव्हाना उरलेले सतरा परीक्षार्थीही खाली आले होते. एकानं वहीच्या मागच्या पानावर मांडणी सुरू केली, दुसऱ्यानं ती चुकीची ठरवली. बाईंनी पिशवी काढून घेतली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि हुकूम सोडला, "लावलेली इथे ठेवायची. बाजूला. साडेसहांत सुटेल."

सहा झाल्या. सात झाल्या. साडेसहा ही सरासरी असते, हमी नसते, असं बाईंनी सांगितलं; कोणी विचारलं नव्हतं. अकरावी किल्लीही वर्तमानपत्रावर गेली तेव्हा तळघरात एकदम हलकं वाटलं. पिशवीत एकच उरली होती.

"आता शक्यता किती?" साहेबांनी विचारलं. त्यांनाही गोडी लागली होती.

"एक," अठराजण एका सुरात म्हणाले. "निश्चित घटना."

भांडारपालांनी बारावी किल्ली घातली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि फिरवली.

फिरली नाही.

एकोणीस वर्षं ते त्याच ट्यूबलाइटखाली उभे होते, पण एवढं अंधारून कधी आलं नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "गणितच माझ्या नशिबी नाही. निश्चित घटनासुद्धा माझ्याच बाबतीत घडत नाही."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. घामाघूम झालेली बायको आत आली.

"अहो, तुमचं कुलूप बिघडलंय. तासभर दारात उभी होते. तीस वेळा लावली किल्ली, उघडतच नाही."

"तीस वेळा?" बाई म्हणाल्या. "एकच किल्ली?"

"एकच दिली होती यांनी. परत परत तीच लावणार ना?"

भांडारपाल उठले. बायकोच्या हातातली किल्ली घेऊन त्यांनी कुलपात घातली. सातचं कपाट लोण्यासारखं उघडलं. दोन वाजून सत्तावीस मिनिटांनी पेपर सुरू झाला.

पहिलाच प्रश्न, वीस गुणांचा: एका माणसाजवळ बारा किल्ल्या आहेत, एका कुलपासाठी तो त्यातली एक काढतो, परत टाकतो, अपेक्षित प्रयत्न किती? वर्गात अठरा पेनं आनंदानं धावू लागली. नुकताच सराव झाला होता सगळ्यांचा. भांडारपालांनी मात्र प्रश्न शब्दाशब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचला. मग त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'बरोबर किल्ली त्या बारांत आहेच, असं प्रश्नात कुठेही म्हटलेलं नाही. ती बायकोकडे असू शकते. तशी थोडी जरी शक्यता धरली, तर अपेक्षित प्रयत्न अनंत.'

निकालात अठराजण उत्तीर्ण झाले. भांडारपालांना पहिल्या प्रश्नात शून्य मिळालं आणि ते चार गुणांनी गेले. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, उत्तर तसं बरोबर आहे. पण बाई तपासनीस नव्हत्या.

त्यानंतर आठवड्यानं साहेबांचा लेखी आदेश आला. भांडारपालांनी किल्ल्या घरी नेल्या, चकत्या काढल्या, सबब यापुढे त्यांच्या हाती कार्यालयाची कोणतीही किल्ली देऊ नये. आता किल्ल्यांविना भांडारात माणूस ठेवून करायचं काय? म्हणून शिक्षा म्हणून त्यांना तिसऱ्या मजल्यावर, नव्या सांख्यिकी सहायकांच्या खोलीत, आवक नोंदीच्या टेबलावर बसवण्यात आलं. रिकामं टेबल एकच होतं. खिडकीशेजारचं.

पहिल्या दिवशी ते घरी आले तेव्हा बायकोनं शिवणयंत्र थांबवलं.

"मिळाली ना शेवटी? यदृच्छेनं?"

"मिळाली."

"वारा येतो का चांगला?"

"उजेड येतो," भांडारपाल चपला काढत म्हणाले. "खिडकीला कुलूप आहे."

"मग किल्ली?"

"खाली, नव्या भांडारपालाकडे. त्यानं सगळ्या एका पिशवीत ठेवल्यात."