प्रेसची वामकुक्षी

यंत्र असो की माणूस, दुपारच्या जेवणानंतर कोणालाही छेडू नये, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. डिचोलीजवळ माशांच्या डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या एका कारखान्याने हे तत्त्व थेट दुरुस्तीच्या कामकाजात आणलं. त्याचं श्रेय देखभाल विभागाचे प्रमुख रुद्रेशबाब यांना जातं.

छापील नियम असा: तेलाच्या दाबाने झाकणं ठोकणारा प्रेस बंद करा, स्विचला कुलूप घाला, झडप उघडून तेलाचा दाब सोडा, दाबाचा काटा शून्यावर आल्याची खात्री करा आणि मगच पाइपला हात लावा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी रुद्रेशबाब निष्ठेने करत. उरलेल्या दोन जेवणाच्या आड येत (त्यातून बुधवारी कँटीनमध्ये बांगडा असे). म्हणून त्यांनी ‘विश्रांती पद्धत’ काढली. प्रेस एक वाजता बंद करायचा, सगळ्यांनी जेवून लवंडायचं आणि तीनला उठून पाइप सोडायचा. तोवर प्रेसही निजून शांत होतो. जुना प्रेस खरोखरच शांत होई, कारण त्यातून तेल इतकं गळे की दाब धरून ठेवणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. पद्धतीच्या यशाचं प्रमाण शंभर टक्के होतं (मोजणारेही झोपलेलेच असत).

यंदा नवा प्रेस आला. त्याला दाब साठवणारी वेगळी टाकी होती. वीज बंद केली तरी तिच्यातला दाब जागाच राही. हे विकणाऱ्याने रुद्रेशबाबांना नीट समजावून सांगितलं होतं, पण दुपारी.

गणपतीची चवथ आठवड्यावर आली असताना नव्या प्रेसचा पाइप पाझरू लागला. कामाला होता फिटर गौरेश, म्हणजे रुद्रेशबाबांच्या बायकोचा, संजनाचा, धाकटा भाऊ. तो घुमट, म्हणजे घोरपडीच्या कातड्याने मढवायचं ते मातीचं वाद्य, वाजवी. त्याच्या बोटांवाचून वाड्यावरच्या आरत्यांना रंग चढत नसे. रिवाजाप्रमाणे झोप झाल्यावर त्याने नटाला पाना लावला आणि थांबला.

“भावजी, काटो अजून वर आसा.”

“आसांदे. निजलेल्या माणसाकव सपना पडतत मरे,” रुद्रेशबाब जांभई देत म्हणाले. “तू सोड नट.”

नट अर्धा सुटला आणि गौरेशच्या मानेला डास चावला. तो मारायला त्याने हात उचलला. हात होता तिथूनच तेलाची सुईएवढी धार सुटली आणि समोरच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून आत (रुद्रेशबाबांच्या उशीत) शिरली.

रुद्रेशबाब धावत आले. गौरेशची बोटं त्यांनी एकेक करून चाचपली, पुन्हा चाचपली. संजनाला काय तोंड दाखवलं असतं, या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चौकशी समितीने सगळं बारकाईने पाहिलं. कुलूप होतं, नियम होता, काटाही खरं तेच सांगत होता. प्रत्यक्षात हात वाचवला तो मात्र डासाने. सबब विभागातली धूरफवारणी तातडीने बंद करण्यात आली.

हा निर्णय झाला त्या संध्याकाळी रुद्रेशबाब भुकेले घरी आले. संजनाने कुकरखालचा गॅस नुकताच बंद केला होता. त्यांनी चमचा घेतला आणि शिट्टी उचलायला वाकले.

“वाफ जावंदे मगे,” संजना म्हणाली.

“गॅस बंद आसा मरे.”

वाचकहो, खुशाल हसा. तो चमचा तुमच्याही ओट्यावर आहे. स्वयंपाकघरात डास आहेत ना, तेवढं मात्र पाहून ठेवा.