चौथ्या कोपऱ्यातलं कमळ

आमच्या गावचे गोविंदकाका पाथरवट देवळात शिरतात, देवाकडे ढुंकूनही बघत नाहीत, मान वर करून छताला शिवी घालतात आणि बाहेर येतात. मला कळायला लागल्यापासून, रोज.

शिवी ठरलेली: "गाढव!" छताच्या चार कोपऱ्यांत चार दगडी कमळं आहेत. तीन मध्याकडे बघतात. चौथं भिंतीकडे तोंड करून बसलंय, रुसल्यासारखं.

काकांना देवळांचा इतिहास विचारू नये. रेवदंड्याहून निघालेल्या रिक्षात एका पर्यटकाने विचारला, तो अलिबाग येईपर्यंत सुटला नाही. "आधी माणूस डोंगरात शिरला. लेण्याला खांब कशाला? डोंगरच छत धरतो. तरी कोरले! लाकडी घराची सवय सुटंना. मग डोंगर फोडून सपाटीला आणला, दगडावर दगड चढवून देऊळ केलं. चुन्याचं बोट न्हाय मधी!"

या सगळ्या प्रवासाचा कळस आमच्या देवस्थान समितीने गाठायचं ठरवलं: छताखाली पीओपी, त्यात निळे दिवे. मी ताबडतोब पत्रक काढलं, 'वारशाचे मारेकरी'. गावाने ते हातोहात उचललं. वडे गुंडाळायला कागद चांगला होता.

देवळातच बैठक भरली. काका कडाडले, "दगडाला पीओपीची टोपी घालताय?"

अध्यक्ष सुपारी कातरत म्हणाले, "काका, तुमीच त्याला रोज गाढव म्हणता. चुकलेला दगड झाकतोय, पेढे वाटा की!"

सगळे हसले. माझ्या पत्रकातलं एकही जळजळीत वाक्य मला आठवेना.

"मागच्या दुरुस्तीला त्यो दगड माझ्या बापानं बसवला," काका म्हणाले. "डोळे गेले होते त्याचे. कामावरून काढतील म्हणून कुणाला सांगितलं न्हाय. हातानं चाचपून बसवला, आन् शिडीवरनं खाली मला विचारलं, 'नीट हाय ना रे?' मी व्हय म्हणालो. त्याचा शेवटचा दगड."

"मग बापाला गाढव म्हणता?" अध्यक्षांचा आवाज उतरला होता.

"बापाला न्हाय. खाली उभा राहून व्हय म्हणाला, त्याला."

अध्यक्षांनी पीओपीच्या ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. मान वर करून चौथ्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघितलं.

"नीट हाय, काका," ते म्हणाले.

या धडधडीत खोट्याविरुद्ध मी पत्रक काढलं नाही.