कीरनच्या बुटाला नमस्कार

आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या त्या मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात शनिवारी सकाळी चाकं नसलेली, पुढे जाड उशी आणि मधे खांब असलेली एक लोखंडी ढकलगाडी, तीन रबरी पट्टे, ट्रॅक्टरचे दोन टायर, एक प्रशिक्षक आणि सहा जाडजूड माणसं होती. जागा पाचच होत्या.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूला हातही न लावता समोरच्याला नुसतं रेटत राहणारी पाच माणसं लागतात. त्यांना लाइनमन म्हणतात. रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात काम करणारा इंद्रनील एकशे बारा किलोंचा होता. नागपूरला शाळेपासून ज्या वजनावर सगळे हसले, तो आकडा ऐकून इथले प्रशिक्षक डेक्लन "ग्रँड!" म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तो हवा होता, तोही आहे तेवढाच. रविवारच्या सामन्यात त्या पाचांत असायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

त्याच्या कमरेला रबरी पट्टा बांधला होता. पट्ट्याचं टोक मागे ओवेनच्या हातात. समोर छातीशी जाड उशी धरून कीरन. दोघेही त्या सहांतलेच. ओवेनने मागे खेचायचं, कीरनने पुढून रेटायचं आणि इंद्रनीलने तरीही पुढे जायचं.

"खाली राहा!" डेक्लन ओरडले. "बस पकडायला निघाल्यासारखा सरळ काय चालतोस? खाली!"

इंद्रनीलने जोर लावला आणि त्याचा पाय कीरनच्या बुटावर पडला. पुढचं त्याने ठरवून केलं नाही. तो झटकन वाकला, बुटाला बोटं लावली आणि हात छातीकडे नेला. उशीवर सगळा भार टाकून उभ्या असलेल्या कीरनच्या समोरून माणूसच नाहीसा झाला. कीरन इंद्रनीलच्या पाठीवरून पलीकडे गेला तो थेट ओवेनवर.

"काय झालं?" डेक्लननी विचारलं.

"पाय लागला."

"कोणाचा?"

"माझा. त्याला."

"अरे, हा फुटबॉल आहे. पाय लागणारच."

"म्हणून सॉरी म्हणत होतो."

"बुटाला?"

त्या सकाळी हे आणखी तीनदा झालं. शेवटी डेक्लननी शिट्टी फुंकली. "गुरुवारी टेस्ट. ढकलगाडीवर मी उभा राहणार, प्रत्येकाला दोन संधी. ज्याची गाडी सगळ्यात कमी सरकेल तो बाकावर. आणि तू, हे बूट शिवणं बंद करून ये."

घरी निघताना पार्किंगमध्ये कीरनने त्याला गाठलं. चेहरा ओशाळा. "ऐक ना. मी तर तुझ्या दोन्ही पायांवर उभा होतो. मग मी पण करायला हवं होतं का?"

"तसं... करतात," इंद्रनील म्हणाला.

घरी त्याच्या बायकोने, मुक्ताने, सगळं ऐकून घेतलं आणि तिला हसण्याआधी कुतूहल वाटलं. "पण हे नेमकं सुरू कधी होतं? बघू या."

तिने फोनवर चित्रण करत त्याला वस्तूंवर पाय ठेवायला लावलं. उशीला नमस्कार नाही. बुटांच्या खोक्याला नाही. पुस्तकाला मात्र लगेच. वीजबिलालाही, पण ते पाकिटातून बाहेर काढल्यावरच. मुक्ताच्या पावलाला पाय लागला की हात आधी निघायचा आणि मान मागून वळून बघायची, कुणाला लागला ते.

"म्हणजे तुझ्या हाती काहीच नाहीये यात," मुक्ता म्हणाली. "हातच अडकवू या."

मंगळवारचा सराव बुडवून त्याने दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या धरल्या आणि बायकोच्या पावलावर पाऊल ठेवत राहिला. तीन महिन्यांसाठी नागपूरहून आलेल्या त्याच्या आईला, प्रभाताईंना, हे बघवेना.

"हे काय करून राहिला रे? बायकोले तुडवते, अन् वरून नमस्कारही नाही?"

"आई, प्रॅक्टिस आहे गं."

"तीन वर्षांचा होता तेव्हा शिकवलं मी त्याले. अन् तू मुक्ता, तू मोडून राहिली!"

"आई, फक्त मैदानापुरतं," मुक्ता म्हणाली. "घरात परत चालू करू."

बुधवारी रात्री मुक्ताने चहा देता देता सहज त्याच्या पायावर पाय दिला, मग त्याचा पाय तिच्या पावलावर पडेल असं केलं. इंद्रनीलचा हात कपावरून हलला नाही. दोघांनी टाळी दिली.

गुरुवारी प्रभाताई छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. इंद्रनील आत गेला आणि थबकला. कीरनने ओवेनच्या बुटाला हात लावला. ओवेनने कीरनच्या. मग दोघे तिथूनच, जमिनीलगत, असे सुटले की समोरचा ट्रॅक्टरचा टायरच उलटला.

"मंगळवारपासून सगळे करतात," डेक्लन खुशीत म्हणाले. "आधी कीरनने सुरू केलं. मग बाकीच्यांना वाटलं, आपणच न करणं बरं दिसत नाही. अख्खा सीझन मी खाली, खाली म्हणून घसा फोडला, एक जण वाकला नाही. आता बघ!"

टेस्ट सुरू झाली. चौघे दहा मीटरच्या पुढे गेले. कीरनची गाडी दोन्ही संधींत नऊ मीटर चाळीस सेंटिमीटरच्या पुढे गेली नाही. मग इंद्रनील. त्याने मुद्दाम वाकायचं ठरवलं, हात खाली नेला, पण ठरवून केलेला नमस्कार अर्ध्यातच सरळ झाला. तीन मीटर नव्वद.

"तुझंच आहे ना हे?" ओवेनने विचारलं. "मग तुलाच कसं येत नाही?"

"घालवलं," इंद्रनील म्हणाला. "खूप कष्टाने."

दुसरी संधी. डेक्लन पुन्हा गाडीवर चढले. त्यांच्या बुटाचं टोक उशीखालून बाहेर आलं होतं. पवित्रा घेताना इंद्रनीलचा पाय त्यावर आपटला. त्याचे हात जागचे हलले नाहीत.

"इंद्रनील!" कडेवरून प्रभाताईंचा आवाज आला. "पाय लागला ना त्यांले? वयानं केवढे मोठे आहेत ते! लाज नाही वाटत?"

तो कोसळल्यासारखा खाली गेला. बोटं बुटाला लागली आणि त्याच क्षणी डेक्लननी शिट्टी फुंकली. वर यायला जागा नव्हती. खांद्यावर उशी, उशीच्या मागे डेक्लन. तो पुढेच निघाला. डेक्लन शिट्टी तोंडात धरून खांबाला बिलगले. प्रभाताई छत्री मिटून मैदानात आल्या.

गाडी थांबली तेव्हा कीरन मोजपट्टी घेऊन धावत आला. एक टोक त्याने ओवेनला धरायला दिलं, दुसरं गाडीच्या कडेला लावलं आणि वाकून आकडा वाचला.

"अकरा मीटर दहा. म्हणजे बाकावर मी."