उणे चाळीसचा मे महिना

ऐन मे महिन्यातल्या एका सकाळी धामणवाडीचे निवृत्त मुख्याध्यापक शेषेराव यांची मोटार सुरू होईना. बऱ्याच खटपटीनंतर झाली, तेव्हा तिनं इतका काळा धूर सोडला की शेजारच्या नागुबाईंनी वाळत घातलेल्या कुरडया उचलून घरात नेल्या. धामणवाडी चाकूरच्या पलीकडे आहे. तिथं मे महिन्यात कुत्री ट्रॅक्टरखाली झोपतात आणि ट्रॅक्टरवाले कुत्र्यांशेजारी.

मास्तरांनी गाडी कशीबशी लातूरच्या एका सर्व्हिस सेंटरला नेली. सोबत पत्नी केवळाबाई होत्या. तिथं सत्यम नावाच्या टाय लावलेल्या तरुणानं गाडीला वायर जोडली, हातातल्या टॅबवर बोट फिरवलं आणि गंभीर झाला.

"काका, इंजिनात जाणारी हवा उणे चाळीस अंश आहे. एवढ्या थंडीत इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून गाडी पेट्रोल ओतून राहिली. धूर त्याचाच."

"उणे चाळीस? अरे, बाहेर बघ की!"

सत्यमनं बाहेर बघितलं. फाटकावरचा वॉचमन डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसला होता. सत्यमनं पुन्हा स्क्रीनकडं बघितलं. "बाहेरचं आम्हाला सिस्टीममध्ये टाकता येत नाही."

"लेकरा, ह्या बॉनेटवर पापड भाजंल," केवळाबाई म्हणाल्या.

"काकू, पापडाचा कोड नाही आमच्याकडं."

मास्तरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. ते म्हणाले, "हवेचं तापमान मोजणारा सेन्सरच बिघडला असेल. एकदा काढून बघ."

सत्यमला वाईट वाटलं. "काका, बिघडलेल्या सेन्सरनं इतका पक्का आकडा दिला असता का? सकाळपासून एका अंशाचाही फरक नाही."

त्यानं गाडीला 'अतिशीत प्रदेश पॅकेज' लावलं. म्हणजे बॉनेटच्या आतून लोकरीचा जाड नमदा चिकटवला, रेडिएटरवर झाकण बसवलं आणि ग्राहकाच्या माहितीत 'राहण्याचं ठिकाण: बर्फाळ' अशी दुरुस्ती केली.

आता ही गाडी नव्या पद्धतीची, सतत इंटरनेटला जोडलेली होती. गावोगावी तापमापक बसवणं शक्य नसल्यामुळं जिल्हा ऋतु-समन्वय कक्षानं असं ठरवलं होतं, की ज्या गावात अशी गाडी असेल, तिच्याकडूनच गावाचं तापमान घ्यावं. धामणवाडीत अशी गाडी एकच होती. त्यामुळं मास्तरांची मोटार हीच धामणवाडीची अधिकृत हवा ठरली. आठवड्याच्या आत गाव थंडीग्रस्त जाहीर झालं.

कक्ष अधिकारी उज्वला मॅडम स्वतः पाहणीला आल्या. गाडीतून उतरताना त्यांच्या अंगावर शाल होती. शालीखालून घाम हनुवटीपर्यंत ओघळत होता.

"मॅडम," मास्तर हात जोडून म्हणाले, "तुम्हालाच घाम आलाय."

"हा वैयक्तिक घाम आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "शासन वैयक्तिक घामाची दखल घेत नाही."

मग त्यांनी पारावर जमलेल्या गावाला विचारलं, "थंडी आहे का?"

लोकांनी कपाळावरचा घाम पुसला. तेवढ्यात मागून घोंगड्यांचा टेम्पो आला.

"हाव," नागुबाई म्हणाल्या. "लई हाय."

त्यानंतर गावाला थंडी वाजू लागली. घोंगडी मिळेपर्यंत लोक हात चोळत उभे राहिले. एकाला तर दात वाजवणं इतकं छान जमलं की त्याला शेकोटीसाठी जास्तीचं सरपण मिळालं. शाळेतल्या पोरांना स्वेटर आले. मास्तर घराच्या ओट्यावरून हे सगळं बघत होते. संध्याकाळी केवळाबाईंनी काखेत घोंगडं धरून घरात पाऊल टाकलं, तेव्हा ते चिडले.

"तू पण?"

"सगळे घेऊन राहिले. मी एकटीच काय उन्हात उभी राहू?"

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग उपाययोजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. थंडीत गार पाणी अपायकारक म्हणून बसथांब्यावरची पाणपोई बंद झाली. थंडीत पंख्याची गरज नाही म्हणून दुपारची वीज बंद झाली. वारा आत शिरू नये म्हणून घरोघरी फिरून खिडक्या लावून घेण्यात आल्या. लोक कुरकुरले. पण घोंगडं घेतल्यावर तक्रार कोणत्या तोंडानं करायची? शिवाय थंडीसाठी मंजूर झालेल्या गुळाचं वाटप अजून व्हायचं होतं.

तिसऱ्या दुपारी केवळाबाई चुलीपुढं बसल्या बसल्या आडव्या झाल्या. अंग तव्यासारखं तापलं होतं. डोळे उघडेनात. मास्तरांनी त्यांना शेजाऱ्यांच्या मदतीनं गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सालेहा यांनी अंगाला हात लावला आणि ताडकन उभ्या राहिल्या.

"मास्तर, हा उष्माघात आहे. पण तुमच्या गावासाठी उष्माघात लिहायला गेलं की कॉम्प्युटर घेत नाही. फक्त हिमदंश घेतो."

"मग काय करायचं डॉक्टरबाई?"

"लिहिते हिमदंश, अन् उपाय करते उन्हाचा." त्यांनी केवळाबाईंच्या अंगावर ओली चादर टाकली, मानेखाली ओले रुमाल ठेवले. "पण माझ्याकडची सलाईन परवाच परत नेली. थंडीत लागत नाही म्हणे. ह्यांना आत्ताच्या आत्ता लातूरला न्या."

"अँब्युलन्स?"

"चाकांना बर्फाच्या साखळ्या बसवायला गेलीय."

मास्तर धावत घरी आले. गाडीची किल्ली फिरवली. गाडी खोकली, धुरानं अंगण भरलं आणि ती बंद पडली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. बत्तीस वर्षं ज्यांनी वर्गात आवाज चढवला नाही, त्या शेषेरावांनी गाडीला लाथ घातली. बॉनेट उघडलं, नमदा ओरबाडून काढला, रेडिएटरचं झाकण भिरकावलं. काय शोधतोय हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. डोळ्यांपुढं केवळाबाईंचा पांढरा पडलेला चेहरा होता.

एअर फिल्टरच्या डब्याजवळ त्यांच्या बोटाला एक वायर लागली. तिच्या टोकाचा प्लग मोकळाच लोंबत होता. मागच्या खेपेला फिल्टर साफ करताना कुणीतरी काढला होता आणि बसवायचा राहिला होता. शेजारीच हवेच्या सेन्सरवर त्याची खोबण होती. मास्तरांनी प्लग तिच्यात दाबला. टक् असा आवाज झाला.

दोन-चार झटक्यांत पोटातलं जादा पेट्रोल ओकून गाडी गुमान सुरू झाली.

केवळाबाई वाचल्या. लातूरच्या दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले, वर फिरणाऱ्या पंख्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे चालतंय तोवर मला घरी नेऊ नका." मास्तर त्यांचा हात धरून बसून राहिले. 

पण इकडं गाडीनं खरं तापमान वर कळवलं होतं. धामणवाडी एका क्षणात उणे चाळीसवरून शेहेचाळीसवर आली. ऋतु-समन्वय कक्षात धावपळ उडाली, बैठक बसली, आणि संध्याकाळी उज्वला मॅडमनी जाहीर केलं की प्रशासनाच्या तातडीच्या उपाययोजनांमुळं गावाच्या तापमानात शहाऐंशी अंशांची सुधारणा झाली आहे. सुधारणेच्या या वेगाला राज्यात तोड नाही.

घरी परतल्यावर मास्तरांना अंगणात गाव जमलेलं दिसलं. वायरीची गोष्ट तोवर गावभर झाली होती. नागुबाई पुढं होत्या. त्यांनी आधी केवळाबाईंची विचारपूस केली, दृष्ट काढली. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, गुळाचा टेम्पो माघारी गेला. ती वायर जरा काढून ठिवता का? चार दिसांसाठी?"

"अहो, माणूस मरत होतं माझं!"

"मेलं न्हाई ना पण."

दुसऱ्या दिवशी फरहान नावाचा वार्ताहर नांदेडहून आला. मास्तरांनी त्याला बॉनेट उघडून दाखवलं, प्लग काढून दाखवला, बसवून दाखवला. फरहाननं सगळं लक्ष देऊन ऐकलं. तो प्रामाणिक माणूस होता.

"तुमचं शंभर टक्के खरं आहे, सर. पण प्लग बसवायचा राहिला, ही बातमी कोण वाचणार?"

त्यानं स्वेटर घातलेल्या पोरांचा फोटो घेतला आणि 'मराठवाड्यातलं गोठलेलं गाव' अशी बातमी केली. ती संध्याकाळपर्यंत सगळीकडं गेली.

तुम्हालाही आली होती. दुपारची वेळ होती, सदरा पाठीला चिकटला होता. तुम्ही ती पूर्ण वाचलीत, "मे महिन्यात? कसं शक्य आहे!" असं म्हणालात, आणि घरच्या ग्रुपवर पुढं पाठवून दिलीत.