इंगळेभाऊंचा तिसरा उमेदवार

आमच्या शेजारच्या घरासमोर, हिरवळीच्या बरोबर मधोमध, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराचा बोर्ड रोवलेला आहे. आम्ही राहतो सिडनीत, टूनगॅबीला. या अख्ख्या गल्लीत अमेरिकेत मत असलेला एकही माणूस नाही. आणि बोर्डावरच्या गृहस्थांचं नाव, पैज लावा, अमेरिकेतल्याही निम्म्या लोकांनी ऐकलेलं नसेल.

बोर्ड घरी बनवलेला आहे. कुणाचं तरी घर विकून झाल्यावर एजंटने टाकून दिलेला प्लॅस्टिकचा फलक इंगळेभाऊंनी उचलून आणला, उलटा केला आणि रंगवला. त्यामुळे पुढून उमेदवार आणि मागून सूटबूट घातलेला एजंट दात काढून हसतोय, वर लाल अक्षरांत 'सोल्ड'. महिन्यातून एकदा तरी कुणी गाडी थांबवून मला विचारतं, हे घर किती डॉलरला गेलं?

इंगळेभाऊ मूळचे अकोल्याचे. शिकायला आले, राहिले, आता पन्नाशी ओलांडली. बस डेपोत ड्रायव्हरांच्या शिफ्टा लावायचं काम करतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन अमेरिकेत. घरात एकटे. मला वहिनी म्हणतात आणि कुंपणावरून बोलतात. आमच्या घरी चहाला या म्हटलं की त्यांचं एक ठरलेलं असतं.

"चहा घेणार की कॉफी?"

"तिसरं काय आहे?"

हा माणूस कुठेही गेला तरी तिसरंच मागतो. इंडियन दुकानात कणकेचे दोन ब्रँड असले तर मागच्या गोदामात तिसरा आहे का बघायला लावतो. भारत-ऑस्ट्रेलिया मॅचला माझा नवरा नितीन निळा टी-शर्ट घालून ओरडतो, पोरं मुद्दाम पिवळे घालून "कमॉन ऑसी" करतात, आणि इंगळेभाऊ मध्ये बसून अंपायरसाठी टाळ्या वाजवतात. आमच्या मंडळात दोन पॅनल भांडत होती, तर हे तिसरे म्हणून अध्यक्षपदाला उभे राहिले. आपटले. मी त्यांना मत दिलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू, नुसती दया आली म्हणून. निकालानंतर हातात पेढा घेऊन म्हणाले, "वहिनी, आपला पाया तयार झाला."

अमेरिकेतले त्यांचे तिसरे उमेदवार म्हणजे कुणी गुरांचे निवृत्त डॉक्टर. अपक्ष. त्यांना हे 'आपले डॉक्टर' म्हणतात, जणू अकोल्याच्या बाजारपेठेत दवाखाना आहे. आपल्या डॉक्टरांना टीव्हीवरच्या चर्चेला बोलावत नाहीत. आपल्या डॉक्टरांचं नाव सगळ्या राज्यांत मतपत्रिकेवर सुद्धा नाही, कारण त्यासाठी राज्याराज्यांतून सह्या गोळा कराव्या लागतात आणि आपल्या डॉक्टरांकडे गोळा करायला माणसंच नाहीत. वर दोन्ही मोठे पक्ष आपल्या डॉक्टरांवर डाफरतात, की तुम्ही आमची मतं फोडता.

"मग जिंकत नाहीत तर उभे कशाला राहतात हो?" मी एकदा वैतागून विचारलं. मी वॉशिंग वाळत घालत होते, डोक्यावर ऊन.

"आपल्याकडचं वेगळं, वहिनी. इथं तुम्ही कागदावर एक नंबर तिसऱ्याला द्या, दोन नंबर दुसऱ्याला. तिसरा पडला तं तुमचं मत उठते आणि दुसऱ्याकडं चालत जाते. तिथं तसं नाही. तिथं तिसऱ्याला दिलं की मत तिथंच बसते. कुठं जात नाही."

"म्हणजे वाया."

"वाया काहून? बसलेलं असते ना!" एवढं बोलून ते जे हसले, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

आता मुलीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मुलीचं नाव सुजाता. युनिव्हर्सिटीत असताना इंगळेभाऊ तिला आपल्याबरोबर निवडणुकीच्या कामाला न्यायचे, कॅज्युअल म्हणून, म्हणजे त्या दिवसापुरत्या रोजंदारीवर. आमच्याकडे निवडणूक म्हणजे शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये मत टाकायचं, बाहेर पालकांनी लावलेल्या स्टॉलवर पावात सॉसेज आणि कांदा खायचा, कुत्र्याला फिरवत घरी जायचं. संध्याकाळी बापलेक बोटाला रबराची टोपी चढवून गठ्ठे मोजायचे. पोरीला ते काम भारी आवडलं. लग्न होऊन अमेरिकेत गेली, तिथलं नागरिकत्व घेतलं, आणि काउंटीच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या एका छोट्या भागाच्या, निवडणूक कचेरीत नोकरीला लागली. मतं मोजायची आणि आकडे वेबसाइटवर चढवायचे. तिचं राज्य असं, की दर वेळी शेवटच्या मतापर्यंत तिथलं काही कळत नाही.

मागच्या निवडणुकीला मोजणी चालू असताना कचेरीच्या काचेवर मागे पडलेल्या उमेदवाराची माणसं येऊन धडकली. मुठी आपटत होती. मग कुणीतरी सुजाताला ईमेल केला. त्यात तिच्या गाडीचा फोटो होता, तिच्याच घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचा. बाकी मजकूर काही नाही.

मी स्वतः भित्री बाई आहे. गॅरेजमध्ये हाताएवढा कोळी दिसला तर नितीन येईपर्यंत रस्त्यावर उभी राहते. पण इंगळेभाऊंची भीती मी पाहिली आणि माझी मला लाज वाटली. तो फोटो आल्यापासून त्या माणसाला धड झोप नाही. रोज फोनवर पहिलं वाक्य, "दार लावलं?" दुसरं, "मागचं?" गाडी घराच्या मागे लाव. एकाच रस्त्याने जाऊ नको. इंटरनेटच्या नकाशावर त्यांनी पोरीची गल्ली इतक्यांदा पाहिली होती, की कुठल्या झाडाआड माणूस उभा राहू शकतो ते त्यांना पाठ. ती भीती हळूहळू इथेही उतरली. जाहिरातीचे कागद टाकायला आलेला म्हातारा पोस्टाच्या पेटीशी थांबला की हे पडद्याआड उभे. माझ्या दाराची कडीसुद्धा ते मला न विचारता ओढून बघायचे. "असू द्या वहिनी, नो वरीज," म्हणायचे, आणि घाम पुसायचे.

"सोडून दे म्हणा ना नोकरी," मी म्हटलं.

"म्हटलं. तं म्हणते, पप्पा, तुम्हीच शिकवलं, अर्धी मोजणी टाकून उठायचं नाही." मग कुंपणाची फळी नखाने खरवडत म्हणाले, "मीच लावलं हो तिला हे येड."

तिसऱ्याचं खूळ अमेरिकेपर्यंत पोचलं ते तेव्हापासून. नितीनचं म्हणणं, भीतीनं डोकं फिरलंय, बोलू नकोस. मी बोलले. त्यांचं उत्तर तयार होतं. "तिसऱ्याची माणसं कुणाच्या काचेवर मुठी मारत नाहीत, वहिनी. असतात किती? एका मोटारीत मावतील." मला पटलं. भित्र्या माणसानं शोधलेलं सुरक्षित दैवत, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

यंदाच्या मोजणीचा दिवस उजाडला. तिकडे मंगळवारची रात्र, इकडे बुधवारची दुपार. मी घरून काम करत होते. मागच्या दारावर धाडधाड. मी किंचाळलेच.

"वहिनी, नेट गेलं माझं!"

दारात इंगळेभाऊ, छातीशी लॅपटॉप, पायात दोन वेगळ्या चपला. आत आले, आधी दाराची कडी लावली, मग किचनच्या टेबलाशी बसले. मी पासवर्ड दिला. म्हटलं, चला, टीव्ही लावते, सगळं जग तेच बघतंय. टीव्हीवर नकाशा लाल-निळा होत होता, निवेदकांचे घसे बसले होते. इंगळेभाऊंनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोर सुजाताच्या काउंटीचं साधं, पांढरं पान होतं. वर दोन मोठे आकडे. खाली, तळाला, आपले डॉक्टर. एकेचाळीस.

"अहो, तिकडे राज्य हातचं चाललंय कुणाचं तरी, आणि तुम्ही एकेचाळीस काय बघताय?"

"थांबा." दर मिनिटाला बटण दाबायचे. पान पुन्हा यायचं. एकेचाळीस. चहा ठेवला. आज त्यांनी तिसरं काही मागितलं नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं. पुन्हा बटण. एकेचाळीस. चहावर साय धरली.

"मघापासून हललं नाही," ते म्हणाले. "घरी पाहत होतो तवा दर थोड्या वेळानं हलत होतं."

"हलेल हो. गुरांच्या डॉक्टरांना मतं पडणार तरी किती?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मतं कोण पाहते, वहिनी? आत मोबाईल नेऊ देत नाहीत. लॉकरात ठेवायला लावतात. रात्रभर मला तिची खबर नाही. मोठ्यांचे आकडे हजारांत, त्यातलं काय लक्षात राहते माणसाच्या? पण डॉक्टरांचा आकडा लहान. एकानं वाढला तरी डोळ्याला दिसते. तो हलला, की समजायचं, सुजा जागेवर बसली आहे. हात चालू आहे तिचा."

मी स्टूल ओढून शेजारी बसले.

बटण दाबलं. पान आलं. या वेळी वर एक पिवळी पट्टी होती. सुरक्षेच्या कारणास्तव मोजणी तूर्त थांबवली आहे, इमारत रिकामी केली आहे. एवढंच.

इंगळेभाऊ उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. जावयाला फोन लावला, वाजत राहिला. परत लावला, वाजत राहिला. "बाहेर काढलं म्हणजे सगळे बाहेर आले ना? पार्किंगमध्ये उजेड नाही वहिनी, मी नकाशावर पाहिलंय, मागच्या बाजूला दिवाच नाही." बाहेर टूनगॅबीचं रखरखीत ऊन, कुणीतरी लॉन कापत होतं, आणि आम्ही दोघं दारं लावून घाबरून बसलो होतो. इतकी घाबरले मी, की मनातल्या मनात त्या कधी न पाहिलेल्या गुरांच्या डॉक्टरांना म्हटलं, बाबा रे, एक मत घे. कुणाचंही घे. पण घे.

मग बटण मी दाबायला लागले, कारण त्यांची बोटं नीट पडत नव्हती. किती वेळ दाबलं, कुणास ठाऊक. पोरं शाळेतून आली, दप्तरं टाकली, आमची तोंडं बघून न बोलता आत गेली.

आणि पिवळी पट्टी गेली. त्रेचाळीस.

"हललं! अहो हललं!" मी त्यांच्या पाठीत धपाटाच घातला.

इंगळेभाऊ दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बसली." मग गार चहा एका घोटात पिऊन टाकला, सायीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर काढत होते. इंगळेभाऊ हिरवळीत, बोर्डाशेजारी, फोन कानाला. मला बघून जवळ आले. चेहरा रात्रभर जागल्याचा, पण सैल. कचेरीत कुणीतरी पाकिटातून पांढरी पूड पाठवली होती, विषारी असेल या भीतीने सगळ्यांना बाहेर काढलं. तपासली तर मैदा. सगळे अंधाऱ्या पार्किंगमध्ये कुडकुडत उभे होते. जावई बातमी ऐकून फोन घरीच विसरून तिकडे धावला होता. परत आत सोडल्यावर निम्मे लोक म्हणाले, आम्ही नाही जात.

"ही गेली. सगळ्यांच्या आधी. म्हणते, पप्पा, पहिला आकडा मीच चढवला. तुम्ही डॉक्टरांकडे बघत बसला असाल म्हणून." फोन त्यांनी छातीशी धरला. "मी तिला कधी सांगितलं नव्हतं हो, वहिनी. मी काय पाहतो ते. तिला कसं कळलं?"

मला काय ठाऊक? मला रडू आलं आणि मी डब्याचं झाकण उगाच उघडून बंद केलं. मग वातावरण हलकं करायला म्हटलं, "चला, संपलं एकदाचं. आता काढा तो बोर्ड."

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. मग जरा ओशाळून मला विचारलं, "वहिनी, जिंकलं कोण?"

सगळ्या जगाला माहीत होतं. मी नाव सांगितलं.

"बरं." त्यांनी मनाशी हिशेब केला. "म्हणजे चिडणार कोण, ते कळलं."

आणि फोन परत कानाला लावून ते घराकडे वळले. "सुजा, आहेस ना? दार लावलं? मागचं?"