कांबळेसर आणि कूर्चेचे दोन भाऊ

गुडघेदुखीचा माणूस दिसला, की आमचे कांबळेसर त्याला तेल, लेप, पट्टा यांतलं काहीच सांगत नाहीत. "खोल श्वास घेऊ नका," एवढंच सांगतात.

सर जीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सात रस्त्याजवळच्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. गेल्या उन्हाळ्यात समोरच्या बागेतल्या प्राणायामाच्या वर्गात आम्ही सगळे छाती फुगवून बसलेलो, आणि हे मधेच उठले. "सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिनीच न्हाय! तिच्या पेशी जन्मापासनं थोडक्या प्राणवायूवर राहतात. कशाला लाडावताय त्यांना? पेशीला विचारा की!" तेव्हापासून सरांनी वर्गाला येणं सोडलं.

'पेशीला विचारा की' हे त्यांचं पालुपद. कसं विचारायचं, ते मात्र सांगत नाहीत.

एकदा भाजीच्या गाड्यावर त्यांनी मला गाठलं. "प्राणवायू कमी असला की पेशीत दोन भाऊ कामाला लागतात बघा. दोन प्रथिनं हो! थोरला कूर्चा सांभाळतो, धाकटा पोखरतो. सांधा झिजायला लागला की धाकट्याचं राज्य. मग हाडावर हाड, कडक भाकरीवर कडक भाकरी घासल्यागत!" भाजीवाल्या मावशी कोथिंबीर सोडून स्वतःचा गुडघा चाचपू लागल्या.

माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. भावांची गोष्ट खरी निघाली. पण खोल श्वासानं गुडघा बिघडतो, हे ऐकून ते खो खो हसले. म्हटलं, आता सरांना सोडायचं नाही. संध्याकाळी तडक तिसरा मजला चढलो.

दार उघडताच मी सुरू झालो. सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला जिन्यात घेऊन आले.

"हळू बोला. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलंय, मला कळत न्हाय व्हय ते?" मग आवाज आणखी खाली आणत म्हणाले, "हिचे गुडघे गेले. हृदयामुळं ऑपरेशन नको म्हणाले डॉक्टर. जिना उतरता येईना. वर्गात पहिल्या रांगेत बसायची हो ती. मी एकटा निघालो, की गॅलरीत येऊन बघत उभी राहायची. वर्गच गुडघ्याला वाईट म्हटल्यावर आता निवांत चहा पिते माझ्यासंगं."

मी उघड्या दाराकडे पाहिलं.

आतून काकूंची हाक आली, "अहो, कोण आलंय?"

"खालचे देशमुख," सर माझ्याकडे बघत म्हणाले. "त्यांनीबी वर्ग सोडला म्हणतात."

मी चपला काढून आत गेलो.

"हो काकू, सोडला," म्हटलं. "उद्यापासून सकाळच्या चहाला इकडंच येतो."